लाल फाइलीतला बाप

शेजारच्या ड्रिलमास्तरांना उत्तर आलं, आणि तिथून माझ्या घसरणीला सुरुवात झाली.

उत्तर म्हणजे साधंसुधं नव्हे. जाड कागद, वर सभागृहाचा उठावाचा शिक्का आणि खाली आमच्या भागातून निवडून गेलेल्या बाईंची सही, तीही शाईची. शाईची हे मी ऐकीव सांगत नाही. मास्तर चहा आणायला आत गेले तेवढ्यात मी बोट ओलं करून सहीच्या शेपटावर फिरवून पाहिलं. शेपूट पसरलं. त्याच क्षणी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषधवाल्याकडे काही मिळत नाही. मी विचारून आलो आहे.

पत्रात बाईंनी लिहिलं होतं, ‘आपलं पत्र मी दोनदा वाचलं.’ दोनदा! माझं पत्र माझ्या बायकोनं एकदाच वाचलं होतं, आणि तेसुद्धा चष्म्याशिवाय.

विषय काय होता ते सांगतो. आमची चिंगी, म्हणजे माझी मुलगी, शाळेत गणित शिकवते. ती आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर लिफ्टबाईबरोबर राहते. लिफ्टबाई लिफ्ट दुरुस्त करतात. त्या राहायला आल्यापासून नऊ वर्षांत आमची लिफ्ट एकदाही बंद पडलेली नाही, त्यामुळे ‘दोन बायका एकत्र राहतात’ ह्या विषयावर चौथ्या मजल्यापासून वर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पहिल्या मजल्यावर थोडी चर्चा असायची. त्यांना लिफ्ट लागत नाही.

तर ह्या लिफ्टबाई दुसऱ्याच एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडल्या आणि त्यांचा पाय मांडीत मोडला. चिंगी धावत हॉस्पिटलात गेली, मागोमाग मी. फॉर्मवर नात्याचा रकाना होता. खिडकीतल्या बाईनं विचारलं, ‘‘तुम्ही पेशंटच्या कोण?’’ चिंगीनं सांगितलं. बाईनं ‘इतर’ लिहिलं. आणि ‘इतर’ला ऑपरेशनच्या कागदावर सही करता येत नाही. मग लिफ्टबाईंचा भाऊ, ज्यानं नऊ वर्षांत बहिणीला साधा फोन केला नव्हता, तो दुसऱ्या गावाहून येईपर्यंत पाच तास गेले. पायात सळई घातली. ती काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून काढायची, असं डॉक्टर म्हणाले.

‘‘त्या वेळी सही मी करणार,’’ चिंगी म्हणाली. बस्स, एवढंच.

नेमका त्याच वेळी सभागृहापुढे कायदा आला होता. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसात लग्न करू द्यावं की नाही, ह्यावर महिन्याभरात मतदान. आमच्या बाईंचं काही ठरत नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, ‘मतदारांनी पत्रं लिहावीत, मी ती वाचून ठरवीन.’ चिंगी घरोघर फिरली. ‘‘चार ओळी लिहा, साध्या, तुमच्या शब्दांत.’’ माझ्या दारात आल्यावर ती जरा घुटमळली. म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हीपण लिहा. पण साधं लिहा हं.’’

आता हे कुणाला सांगायचं? सव्वीस वर्षं मी इथल्या साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं आहे. इमारतीत मला सगळे ‘लेखक’ म्हणतात, काही जण न हसताही म्हणतात. अशा माणसाला ‘साधं लिहा’ म्हणजे सुताराला ‘रंधा लावू नका’ म्हणण्यासारखं आहे.

मी लिहिलं. सुरुवात अशी होती: ‘बाई, ह्या मंडळींना लग्नाचा हक्क मुळीच देऊ नये. चाळीस वर्षं आम्ही जे भोगतो आहोत ते ह्या निरपराध मुलींनी का भोगावं? त्या आज एकमेकींशी बोलतात. लग्नानंतर हे असंच चालू राहील ह्याची हमी सरकार देणार आहे काय?’ असं दोन पानं. आणि शेवटी, अगदी शेवटी, अशी एक हलकी कलाटणी, की चाणाक्ष वाचकाला कळावं, लेखक मनातून कुणाच्या बाजूला आहे.

बायकोनं वाचलं. ‘‘ह्यात तुम्ही हो म्हणताय की नाही?’’

‘‘अगं, उपरोध आहे तो.’’

‘‘मग वर तसं लिहा.’’

‘‘उपरोधावर ‘उपरोध’ असं लिहीत नाहीत.’’

‘‘का? बरणीवर ‘मीठ’ लिहिलं म्हणून मीठ काही कमी खारट होत नाही,’’ असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. चाळीस वर्षं आम्ही जे भोगतो आहोत, असं मी लिहिलं होतं ते काही अगदीच हवेत नव्हतं.

आणि मास्तरांचं पत्र? त्यांनी त्याची एक प्रत ठेवली होती, ती मला दाखवली. तशीच्या तशी देतो. ‘बाई, मी निवृत्त ड्रिलमास्तर. माझ्या शेजारच्या दोघी नऊ वर्षं एकत्र राहतात. एकीचा पाय मोडला तेव्हा दुसरीला सही करू दिली नाही. हे बरोबर नाही. कायद्याला हो म्हणा.’ संपलं! ह्यात एक उपमा नाही. एक! ज्या माणसानं जन्मभर ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ ह्या दोन शब्दांवर संसार रेटला, आणि निवृत्त होऊनही ज्याच्या गळ्यात अजून शिट्टी लटकते, त्याचं पत्र बाईंनी दोनदा वाचलं. अर्थात पाच वाक्यं दोनदा वाचायला वेळ तो किती लागणार. मी हे मास्तरांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, ‘‘खरंय.’’ ह्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही.

चिंगीनं बाईंच्या उत्तराची प्रत काढून स्वतःच्या फ्रिजवर चिकटवली. मी त्यांच्याकडे पाणी प्यायचं सोडून दिलं.

मग मी ईर्षेला पेटलो. उत्तर येईना तसतशी पत्रं धाडत गेलो. आणि इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, ‘‘लेखक, लिफाफा जाड पाठवा. पातळ लिफाफ्यात काय असणार, असं वाटतं माणसाला.’’ म्हणून तिसरं पत्र सात पानांचं झालं. आमचे मेहुणे सरकारी कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘भावजी, संदर्भ क्रमांक टाका.’’

‘‘माझ्याकडे क्रमांक कुठला?’’

‘‘कुठलाही टाका. त्यांना शोधू दे. शोधताना पत्र हातात राहतं.’’

पाचव्या पत्रापासून मी क्रमांक टाकू लागलो. चौथं पत्र मात्र इतकं झकास उतरलं होतं, की एका वाचकावर उधळणं जिवावर आलं. त्याची प्रत मी साप्ताहिकाला दिली. तिथे संपादक नवीन आलेला. त्यानं ते छापलं, पण शेवट जागेअभावी कापला, आणि वर मथळा दिला: ‘एका चिंताग्रस्त पित्याचा आक्रोश’. मला मथळा जरा खटकला. पण नाव ठळक टाइपात होतं, त्यामुळे फार खटकला नाही.

अकरा पत्रं झाली. उत्तर शून्य. तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घातला आणि जाब विचारायला बाईंच्या कचेरीत गेलो.

कचेरी म्हणजे एक खोली, एक पंखा आणि एक कारकून. बाई सभागृहात होत्या. कारकुनाच्या टेबलावर दोन फायली. डावीकडे हिरवी, ती कायद्याच्या बाजूच्या पत्रांची. उजवीकडे लाल, विरोधाची. हिरवी पोटभर जेवलेल्या माणसासारखी होती, आणि लाल त्याच माणसानं पुन्हा पहिल्यापासून जेवायला बसावं तशी.

मी नाव सांगितलं. कारकून चक्क उठून उभा राहिला.

‘‘तुम्ही होय ते! बसा, बसा. भेट होईल असं वाटलं नव्हतं.’’

म्हटलं, आली, कीर्ती आली. बसलो.

‘‘माझी पत्रं वाचलीत?’’

‘‘पहिला परिच्छेद सगळ्यांचा वाचतो. लोक मत तिथेच सांगतात.’’ असं म्हणून त्यानं लाल फाइल उघडली. ‘‘ही पाहा तुमची. एक ते अकरा. सगळी नीट लावली आहेत. एका माणसाचा इतका विरोध आमच्याकडे आजवर नोंदला गेलेला नाही.’’

‘‘अहो, मी विरोधात नाही! शेवट वाचा!’’

त्यानं पहिलं पत्र काढलं, शेवट वाचला, पुन्हा वाचला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘इथे तुम्ही जरा दमलेले वाटता.’’

‘‘तो उपरोध आहे!’’

‘‘असेल. पण माझ्याकडे फायली दोनच आहेत.’’

एवढ्यावर थांबतं तर ते नशीब कसलं. त्यानं फाइलीच्या तळातून एक गठ्ठा काढला. माझं चौथं पत्र, साप्ताहिकातून कापून झेरॉक्स केलेलं, शेवटाशिवाय. त्रेचाळीस प्रती. प्रत्येकीखाली वेगळ्या माणसाची सही. कुठल्याशा कुटुंबरक्षक मंडळानं ते वाटलं होतं. ‘‘फार परिणामकारक आहे म्हणतात,’’ कारकून म्हणाला.

आता खरं सांगतो. त्या क्षणी बापाचं काळीज फाटायला हवं होतं. फाटलंही. पण त्याआधी, अगदी निमिषभर, मनात आलं की सव्वीस वर्षांत माझ्या एकाही लेखाच्या त्रेचाळीस प्रती निघाल्या नव्हत्या. आणि मग दिसलं की चोरांनी वरचं माझं नाव कापून टाकलंय. माणूस एकाच वेळी किती ठिकाणी दुखावला जाऊ शकतो, ह्याला मर्यादा नाही.

‘‘माझी पत्रं परत द्या,’’ मी म्हणालो.

‘‘आलेलं पत्र परत जात नाही. पण एका माणसाचं शेवटचं पत्र तेच आम्ही धरतो. नवं लिहा. मतदान पुढच्या मंगळवारी आहे.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘आणि एक सांगू? पहिल्या ओळीत लिहा. आमच्या बाई आतून अजून डगमगतायत. त्यांनासुद्धा पत्रं मोजून दाखवावी लागतात लोकांना.’’

घरी परतताना जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. मी त्यांना सहज विचारलं, तुम्ही पत्र पाठवलंत का. ते म्हणाले, ‘‘पाठवलं तर! तुमचंच! म्हटलं, पोरीच्या बापालाच नको असेल तर आपण कशाला हो म्हणायचं? आपल्या इमारतीतल्या नऊ जणांनी पाठवलंय.’’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तर दोन्ही हात दाखवले होते, आणि वर संदर्भ क्रमांक टाकून.

तसाच पाचव्या मजल्यावर गेलो. लिफ्टबाई सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. चिंगी वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं. चिंगीनं मान वर केली नाही.

‘‘साप्ताहिक आमच्या शाळेतही येतं, बाबा.’’

‘‘म्हणजे तू वाचलंस? मग बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलणार? तुम्ही म्हणाला असतात, चिंगे, तुला विनोद कळत नाही.’’ तिनं लाल पेनाचं टोपण लावलं. ‘‘त्या दिवशी हॉस्पिटलात पाच तास तुम्ही मला विनोद सांगत होतात. मी हसत होते. विनोद चांगले होते म्हणून नाही. तुम्ही घाबरला होतात म्हणून.’’

माझ्यापाशी ह्यावर उत्तम उत्तर होतं. अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं, म्हणून चव लक्षात आहे. बरी नव्हती.

लिफ्टबाई हळूच म्हणाल्या, ‘‘बाबा, लिफ्टचं कसं असतं, वर जायचं बटण दाबलं की ती वर जायला हवी. आतल्या वायरी कितीका हुशार असेनात.’’

मग मी त्या नऊ घरी निघालो. पहिलं घर सेक्रेटरींचंच. मी दारात उभं राहून म्हणालो, ‘‘माझ्या मुलीचं लग्न व्हावं असं मला वाटतं. तुम्ही कृपा करून बाजूनं पत्र लिहा.’’

सेक्रेटरी खदखदून हसले. ‘‘काय लेखक! तोंड तरी कसं गंभीर ठेवता हो!’’ आतून बायकोला हाक मारली, ‘‘अगं ये, लेखकांनी नवीन काढलंय बघ!’’

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मी डोळ्यांत पाणी आणलं, म्हणजे ते आपसूकच आलं, तर तिथल्या आजी म्हणाल्या, ‘‘नाटकात का नाही गेलास रे?’’

साप्ताहिकाला खुलासा पाठवला. संपादकानं तो छापला. मथळा होता, ‘पित्याचा आणखी एक मिश्कील चिमटा’.

शेवटी मी अपमानाचा तो शेवटचा जिना चढलो. जिना चढलो म्हणजे शेजारचं दार वाजवलं.

‘‘मास्तर, जरा माझ्याबरोबर चला.’’

‘‘कशाला?’’

‘‘मी खरं बोलतोय हे लोकांना सांगायला.’’

मास्तरांनी चपला घातल्या. दुसरा कुणी असता तर जन्मभर पुरेल इतकं हसला असता. मी तरी हसलो असतो.

पुन्हा सेक्रेटरींचं दार. मी तेच वाक्य म्हणालो. सेक्रेटरींचे ओठ हसायला म्हणून विलग झाले, तेवढ्यात मास्तरांनी शिट्टी फुंकली. जिन्यात चार मजले दणाणले.

‘‘खरं बोलतायत,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मी खात्री केली आहे.’’

‘‘असं होय?’’ सेक्रेटरी ताठ उभे राहिले. ‘‘मास्तर म्हणतात म्हणजे… थांबा, कागद आणतो.’’

असं नऊ घरं. प्रत्येक दारात मी माझ्या पोटच्या मुलीबद्दल बोलायचं आणि शेजाऱ्यानं माझ्या खरेपणाचा दाखला द्यायचा. आजींनी तर मास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या नाही.

राहिलं माझं पत्र. मी मास्तरांच्याच टेबलाशी बसलो, कारण माझ्या टेबलाशी मला सुचतं. पहिल्या ओळीत ‘संसाररूपी’ असा शब्द आला. मास्तर मागून म्हणाले, ‘‘खोडा.’’ दुसऱ्या ओळीत ‘जणू’ आलं. ‘‘खोडा.’’ अर्धी वही खोडण्यात गेली. मी वैतागून विचारलं, ‘‘मग लिहू काय?’’

‘‘तुम्ही तिचे कोण ते लिहा. मग काय झालं ते. मग काय हवं ते. मग थांबा.’’

मी लिहिलं: ‘बाई, कायद्याला हो म्हणा. मी त्या मुलीचा बाप. आधीची अकरा पत्रं मी शहाणपणा दाखवायला लिहिली होती, ती धरू नका. त्या दिवशी माझी मुलगी पाच तास भिंतीला टेकून उभी होती. तिच्या माणसासाठी तिला सही करता येत नव्हती आणि मला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं.’

मास्तर वाचत राहिले. जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, ‘‘विश्राम.’’

मंगळवारी आम्ही सगळे पाचव्या मजल्यावर टीव्हीपुढे बसलो. आमच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी मास्तरांचं पत्र वाचून दाखवलं. संपूर्ण. ‘हे बरोबर नाही’ हे वाक्य तर दोनदा. चिंगीनं मास्तरांचा हात धरला. मी छताकडे पाहत होतो. मग बाई म्हणाल्या, ‘‘आणि एका वडिलांनी मला बारा पत्रं लिहिली. अकरा मला कळली नाहीत. बारावं कळलं. मी बाजूनं मत देते आहे.’’

कायदा झाला, सहा मतांनी. लिफ्टबाई कुबडीशिवाय उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी ओरडून त्यांना खाली बसवलं. सगळे रडत होते. मीही रडत होतो. फरक इतकाच, की मास्तरांची पाच वाक्यं देशानं ऐकली आणि माझा फक्त आकडा. आनंद आणि पोटदुखी दोन्ही त्याच डोळ्यांतून वाहत होतं, त्यामुळे कुणाला वेगळं ओळखू आलं नाही.

पुढच्या महिन्यात नोंदणी कचेरीत लग्न झालं. छापील फॉर्म जुनेच होते. नोंदणी अधिकाऱ्यानं ‘वर’ हा शब्द पट्टी लावून खोडला आणि वर ‘वधू’ लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. लिफ्टबाईंची सही जरा वाकडी आली, कारण त्यांचं अर्धं लक्ष कचेरीच्या बंद लिफ्टकडे होतं. मग साक्षीदार. पहिले मास्तर. चिंगीनंच तसं ठरवलं होतं. मी हल्ली बऱ्याच गोष्टी गिळतो. नावापुढे नात्याचा रकाना होता. मास्तरांनी ठसठशीत अक्षरात ‘शेजारी’ लिहिलं, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी नाव लिहिलं. रकान्यात ‘बाप’ लिहिलं. एकही विशेषण सुचलं नाही, खरंच सांगतो. चिंगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं तो शब्द वाचला, आणि मग हसली. ह्या वेळी मी घाबरलेलो नव्हतो.

जिना उतरताना बायका पुढे होत्या. आम्ही दोघं म्हातारे कठड्याला धरून मागे. पहिल्या वळणावर मास्तर थांबले. गळ्यातली शिट्टी उगीच चाचपली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, ‘‘लेखक, तुमचं बरं आहे हो. तुम्हाला तिथे ‘बाप’ लिहिता आलं. मला हेवा वाटला.’’

मास्तर एकटे आहेत. मूलबाळ नाही. ही गोष्ट मला अठरा वर्षं ठाऊक होती, कळली त्या वळणावर. मी त्यांच्या हाताला धरलं.

आणि मग कानामागे हात नेऊन म्हणालो, ‘‘काय म्हणालात, मास्तर? नीट ऐकू नाही आलं.’’

बिचाऱ्यांनी ते पुन्हा म्हटलं. मैदानावरच्या आवाजात म्हटलं, सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.

मला ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.